वन्संचा काळू

सिस्टरांना घोडे कधीच आवडले नाहीत. कुत्रं चालेल, मांजर चालेल, पण जो आपल्यापेक्षा कितीतरी पट जड आहे आणि ज्याला ‘जरा सरका’ म्हटलेलं कळत नाही, त्याच्याजवळ जाऊन उभं तरी कशाला राहायचं, असा त्यांचा रोकडा सवाल असे.

अख्खी नोकरी त्यांनी हॉस्पिटलच्या ड्रेसिंगच्या खोलीत काढली. भाजलेले हात, कापलेली बोटं, टाके उसवलेली पोटं, साखरेच्या आजारानं सडत चाललेले पाय, सगळं त्यांच्या पुढ्यात येई. हात इतका हलका, की चिकटलेली पट्टी निघत असतानाही माणूस घरच्या गोष्टी सांगत राही. पेशंट बाहेरच्या बाकावर बसून म्हणत, ‘‘आम्हाला घाई नाही, सिस्टर मोकळ्या झाल्या की जातो.’’ त्या निवृत्त झाल्या, पण नाव काही निवृत्त झालं नाही. भाजीवाल्यापासून लेकीच्या मैत्रिणींपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत.

जीभ मात्र हाताइतकी हलकी नव्हती. ती लागायची. हे त्यांनाही ठाऊक होतं.

अशा बाईच्या गळ्यात उतारवयात एक घोडा पडला. तोही म्हातारा आणि आजारी.

घोडा वन्संचा. वन्सं म्हणजे सिस्टरांच्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. वस्ती संपून कच्चा रस्ता सुरू होतो तिथे त्यांची कुंपण घातलेली जमीन होती, पत्र्याचा तबेला होता आणि तबेल्याला लागूनच एका खोलीचं घर. मुलांना घोड्यावर बसायला शिकवायचं, हा त्यांचा धंदा आणि हाच त्यांचा संसार. आवाज असा खणखणीत, की मैदानाच्या या टोकाहून ‘‘पाठ सरळ!’’ म्हणाल्या की त्या टोकाला कुंपणाबाहेर उभे असलेले आईबापसुद्धा ताठ व्हायचे.

त्यांच्या एका घोडीला शिंगरू झालं, ते कोळशासारखं काळं. वन्संनी त्याचं नाव काळू ठेवलं. घोड्यांतले जाणकार म्हणाले, ‘‘बाई, हा पांढरा होणार. याच्या डोळ्यांभोवतीचे केस बघा.’’ वन्संनी हसण्यावारी नेलं. पण झालं तसंच. काळू आधी लोखंडासारखा करडा झाला, मग राखेसारखा, आणि पोक्त वयात आला तेव्हा दुधासारखा पांढरा. नाव काळूच राहिलं. नवीन मुलं पहिल्या दिवशी विचारायची, ‘‘बाई, यात काळू कुठला?’’ आणि वन्सं पांढऱ्याशुभ्र घोड्याकडे बोट दाखवून मख्ख चेहऱ्यानं सांगायच्या, ‘‘हा काय. दिसत नाही?’’

इतर घोडे आले, विकले गेले, मेले. काळू राहिला.

या दोघी नणंद-भावजयींचं मुळात बरं चाललं होतं. गळ्यात गळे नव्हते, पण जाणं-येणं होतं. बिनसलं ते सिस्टरांचा नवरा गेला त्या दिवशी.

त्याला हृदयाच्या त्रासानं हॉस्पिटलात ठेवलं होतं. सकाळी सिस्टरांनी वन्संना फोन केला. वन्सं म्हणाल्या, ‘‘काळूचं पोट दुखतंय गं, सारखा जमिनीवर लोळतोय. त्याला जरा चालता करते आणि निघतेच.’’ नवरा मधूनमधून दाराकडे बघत होता. ‘‘ताई आली का?’’ असं त्यानं विचारलंही. ताई आली ती दिवस कलल्यावर. स्वेटरला गवत चिकटलेलं, बुटांना चिखल. तोवर सगळं आटोपलं होतं. कॉरिडॉरमध्ये नातेवाईक उभे होते, हॉस्पिटलातली माणसं उभी होती, आणि त्या सगळ्यांदेखत सिस्टर म्हणाल्या, ‘‘घोडा जगला ना? मग झालं तर.’’

वन्संचा चेहरा उतरला. आणि त्यानंतर दोघींमधून विस्तव जाईना.

मध्ये बरीच वर्षं गेल्यावर एकदाच फोन आला होता. सिस्टर घरात कपडे वाळत घालत होत्या.

‘‘मी बोलतेय गं,’’ वन्सं म्हणाल्या.

‘‘बोला.’’

‘‘काळूच्या शेपटीखाली गाठ आली आहे. वाटाण्याएवढीच आहे. काळीकुट्ट. इथला डॉक्टर म्हणतो, असू दे, हात लावू नका. मला काही पटत नाही. तुझ्या नजरेखालून इतक्या गाठी गेल्या आहेत, म्हटलं तुला विचारावं. एकदा येऊन बघशील?’’

‘‘मी माणसांची नर्स आहे, वन्सं,’’ सिस्टर म्हणाल्या, ‘‘घोड्यांची नाही.’’

‘‘बरं,’’ वन्सं म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

त्या दिवशी सिस्टरांना बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, उरलेले कपडे वाळत घालून होईपर्यंत चांगलंच बरं वाटत होतं. मग हळूहळू ते बरं वाटणं ओसरलं, पण उलटा फोन काही त्यांनी केला नाही. आज करू, उद्या करू, आणि आता करायचा तर काय म्हणून करायचा, असं होत होत ते राहूनच गेलं.

पुढे वन्संना अर्धांगाचा झटका आला. त्या तबेल्यात पडलेल्या सापडल्या. सापडल्या शेजारच्या दूधवाल्याला. त्याच्या म्हशी पलीकडच्याच गोठ्यात असत आणि काळू दार लाथाडतोय म्हणून तो बघायला आला होता. सिस्टर हॉस्पिटलात पोचल्या तेव्हा वन्संची उजवी बाजू लुळी होती आणि तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. एकच शब्द येत होता, ‘‘काळू.’’ पाणी दिलं तरी काळू, उशी सरळ केली तरी काळू. तिथल्या नर्सेसना कळेना. एकीनं काळी शाल आणून अंगावर घातली, दुसरीनं विचारलं, ‘‘आजी, काळं काही हवंय का?’’ वन्संच्या डोळ्यांतून पाणी आलं.

सिस्टरांना अर्थातच कळलं. आणि आयुष्यभर पेशंटांशी बोलून पडलेल्या सवयीनं त्या पटकन म्हणाल्या, ‘‘मी बघते हं त्याचं. तुम्ही काळजी करू नका.’’

बोलून गेल्या आणि मग स्वतःच चमकल्या. पण पेशंटला दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता.

तबेल्यात गेल्या तेव्हा दूधवाला कोंडा कालवत होता. हा गडी बोलका. ‘‘या सिस्टर. तुमचा पेशंट जेवणार आहे आता. स्वभावानं गरीब आहे हो, फक्त मागून जाताना आवाज देत जा. आणि टोपी घालून आलात तर टोपी खाईल.’’

काळूनं मान वर केली. सिस्टरांनी त्याला पाहिलं होतं ते ऐन उमेदीत. आता पाठ खचली होती, डोळ्यांवर खड्डे पडले होते. कानाखाली, जबड्याच्या वळणावर, कातडीच्या आत कुणी सुपाऱ्या भरून ठेवल्यासारखं दिसत होतं. ओठाच्या कडेलाही एक गाठ होती. मग दूधवाल्यानं त्याची शेपटी अलगद वर उचलली आणि सिस्टर नकळत एक पाऊल मागे सरल्या. शेपटीखाली द्राक्षांच्या घडासारख्या गाठी होत्या, काळ्या, तुकतुकीत, एकीला एक चिकटलेल्या. त्यांतल्या दोन फुटल्या होत्या. त्यांतून जे वाहत होतं ते रक्त नव्हतं, पू नव्हता. डांबरासारखं काळं काहीतरी होतं आणि ते पांढऱ्या मांड्यांवरून ओघळत खाली आलं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माणसाच्या अंगातून असलं काळं आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

‘‘ताई रोज धुवायच्या,’’ दूधवाला म्हणाला. ‘‘मी माश्या हाकलतो, एवढंच. मला ते जमत नाही, खरं सांगतो.’’

सिस्टरांनी दुसऱ्याच दिवशी घोड्यांच्या डॉक्टरांना बोलावलं. वन्संचा जुना डॉक्टर कधीच वारला होता, हे नवे होते. अंगानं आडवे, बोलायला हळू. त्यांनी गाठी चाचपल्या, हातमोजा चढवून आतून तपासलं आणि बादलीत हात धुवत सांगितलं, ‘‘पांढऱ्या घोड्यांना म्हातारपणी हे बरंचदा होतं. कातडीतला काळा रंगच एका जागी साचून वाढत जातो. कितीतरी घोडे या गाठी घेऊन वर्षानुवर्षं जगतात. याच्या आता आतही गेल्या आहेत, सुरी लावण्यात अर्थ नाही. स्वच्छ ठेवा, माशी बसू देऊ नका, लीद मऊ राहील असं खायला घाला. दुसरं काही करण्यासारखं नाही.’’

‘‘आणि लहान होती तेव्हा?’’ सिस्टरांनी विचारलं. ‘‘वाटाण्याएवढी असताना?’’

‘‘एकटीच होती?’’

‘‘एकटीच.’’

‘‘मग मी काढली असती. काही जण म्हणतात, डिवचू नये. पुढे दुसरीकडे आल्याही असत्या, ते कोण सांगणार? पण मी काढली असती.’’

डॉक्टर सहज बोलले आणि बॅग उचलून गेले. सिस्टर बराच वेळ बादलीपाशी उभ्या राहिल्या. फोनवर आपण काय सांगितलं असतं, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. काढून टाका म्हणूनच सांगितलं असतं. वाढणाऱ्या काळ्या गाठीबद्दल त्यांनी आजवर कुणाला दुसरं काही सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून सिस्टरांचा दिनक्रम ठरला. सकाळी उठून बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, तिथून चालत तबेला गाठायचा. मीठ घालून उकळलेलं पाणी थंड करून ठेवायचं. शेपटीला कापडी पट्टी गुंडाळून ती बाजूला बांधायची, म्हणजे केस जखमेत जाणार नाहीत. मग गॉज भिजवून, न घासता, नुसतं टिपत टिपत काळं सगळं काढायचं. भोवतालच्या कातडीला माश्यांचं औषध लावायचं, जखमेला लागू द्यायचं नाही. तोंडावर बांधलेल्या मोरखीचा पट्टा कानाखालच्या गाठीवर घासत होता, तर तिथे त्यांनी आपल्या जुन्या फ्लॅनेलच्या पेटीकोटाचा तुकडा शिवला. कोंड्यात तेल घालून तो पातळ कालवायचा. दूधवाला म्हणाला, ‘‘सिस्टर, एवढं पथ्यपाणी तर आमच्या सासऱ्यालासुद्धा नव्हतं.’’

पहिल्या दिवशी काळूनं शेपटी उचलली आणि गॉजच्या सगळ्या ट्रेवर लीद टाकली. सिस्टर ओरडल्या, ‘‘अरे, निर्लज्जा!’’ काळूनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. नवरा गेल्यापासून त्या असं एकट्याच हसल्या नव्हत्या.

भीती कधी गेली ते त्यांना सांगता आलं नसतं. एकदा ओल्या जमिनीवर पाय घसरला आणि आधारासाठी हात टेकला तो त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर. तो हलला नाही, नुसता पाय रोवून उभा राहिला. मग कधीतरी खरारा करताना त्यानं आपली जड हनुवटी त्यांच्या खांद्यावर ठेवली आणि श्वास सोडला. खांदा भरून आला तरी सिस्टर तशाच उभ्या राहिल्या. दुखऱ्या जागी हात लावला तर तो लाथ झाडत नसे, पोटाचं कातडं तेवढं थरथरवी. सिस्टर म्हणत, ‘‘झालं हं, झालं, संपलंच.’’ हीच वाक्यं त्या माणसांना म्हणत आल्या होत्या. काळूला त्यांनी तळहातावरच्या फोडासारखं जपलं.

पण गाठी कुणाचं ऐकत नव्हत्या. एक सुकली की दुसरी फुटे. पावसाळी हवेत माश्या वाढल्या तेव्हा तर सकाळ-संध्याकाळ धुवावं लागे. अंगावरचं मांस उतरलं. बरगड्या मोजता येऊ लागल्या.

तिकडे वन्संना शुश्रूषागृहात हलवलं होतं. लांबच्या लांब कॉरिडॉर, दोन्हीकडे खोल्या, खिडकीतून दिसणारा वाहनतळ. सिस्टर आठवड्याला जात. नखं कापत, केस विंचरत, कपडे नीट लावून ठेवत. हाताचं काम असलं की बोलायचं टळतं. वन्सं आता चाकाच्या खुर्चीत बसू लागल्या होत्या, तुटक शब्द परत येत होते.

‘‘काळू?’’ गेल्या गेल्या पहिला प्रश्न.

‘‘बरा आहे,’’ सिस्टर सांगत. ‘‘खातोय छान.’’

एका भेटीत वन्संनी डाव्या हातानं खुर्चीचं चाक थोपटलं, मग दाराकडे बोट केलं आणि मोठ्या प्रयासानं म्हणाल्या, ‘‘मला... ने.’’

‘‘नेईन की,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘जरा जखम सुकू दे. मग नेते.’’

पुढच्या भेटीत तेच. त्याच्या पुढच्या भेटीतही तेच. वन्सं मागत राहिल्या आणि सिस्टर ‘जरा सुकू दे’ म्हणत राहिल्या. शेवटी वन्संनी मागायचं सोडलं. नुसतं ‘‘काळू?’’ विचारत आणि उत्तर ऐकून खिडकीबाहेर बघत.

सिस्टरांची लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. ती फोनवर म्हणाली, ‘‘आई, आत्याला एकदा घेऊन जा ना गं. गाडी कर आणि ने. त्यात काय मोठंसं?’’

‘‘तू नको शिकवूस. त्याची अवस्था बघून तिला दुसरा झटका आला तर?’’

‘‘आत्यानं त्या गाठी काय पाहिल्या नाहीत? इतकी वर्षं तीच धूत होती.’’

‘‘तेव्हा एवढं नव्हतं,’’ सिस्टर फटकन म्हणाल्या. आणि तेच खरं कारण होतं. वन्संच्या हातून काळू त्यांच्या हातात आला तेव्हा त्याच्या अंगावर मांस तरी होतं आणि त्यांच्या हातात त्याचा सापळा झाला होता. आजार वाढतच जाणार होता, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, पण वन्संच्या नजरेला नजर देऊन ते सांगायची सिस्टरांची छाती होत नव्हती. भावाच्या मरणावरून आपण एकदा त्यांना तोंडावर बोललो, आता घोड्यावरून त्या आपल्याला बोलणार. जखम थोडी सुकली, पांढरे केस पुन्हा स्वच्छ दिसले, की दाखवू. असा एक चांगला दिवस त्या शोधत होत्या.

एका सकाळी त्या तबेल्यात पोचल्या तर काळू जमिनीवर आडवा होता. उठत होता, पोटाकडे मान वळवून बघत होता, पुन्हा गुडघे मुडपून खाली लोळत होता. अंग घामानं थबथबलेलं. आदल्या दिवशीचा कोंडा तसाच. लीद नाही. सिस्टरांनी दूधवाल्याला हाक मारली, पण तो रतीब घालायला गेला होता. मग डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर लांब कुठेतरी होते. ‘‘येतो,’’ म्हणाले, ‘‘तोवर त्याला लोळू देऊ नका. चालवत ठेवा. सोडू नका.’’

सिस्टरांनी मोरखी धरली आणि मैदानात फेऱ्या सुरू केल्या. दोन पावलं टाकली की काळू बसायला बघे, त्या ओढत, ‘‘चल रे राजा, चल,’’ म्हणत. हात सोलवटले. पदर खोचलेला सुटला तो मातीतून फरफटत राहिला. मध्येच कमरेच्या बटव्यातला फोन वाजला, त्यांनी तो बघितलासुद्धा नाही. कसा बघणार? हात सोडला असता तर तो पडला असता. आणि तेव्हा, तिसऱ्या की चौथ्या फेरीला, त्यांच्या ध्यानात आलं की त्या दिवशी वन्सं अशाच चालत होत्या. याच मैदानात, याच घोड्याला धरून. भाऊ बरा होईल, थोड्या वेळानं गेलं तरी भेटेल असं मानून. तेव्हाही इथे दुसरं कुणी नव्हतं, आणि घोडा हातातून सोडता येत नव्हता. सिस्टरांना इतकं स्वच्छ दिसलं ते, की त्यांचे पाय जागच्या जागी थांबले. काळू खाली बसू लागला, तशा त्या भानावर आल्या.

डॉक्टर आले. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून त्यांनी तपासलं. वेळ लागला. मग हात बाहेर काढला.

‘‘आतली गाठ वाढून वाट बंद झाली आहे,’’ ते म्हणाले. ‘‘आता नाही ओ सिस्टर. याला त्रासात ठेवणं बरं नव्हे.’’

सिस्टरांनी मान हलवली. अशी वाक्यं त्यांनी नातेवाइकांना सांगितली जातानाच ऐकली होती. आपल्याला सांगितली जाताना ती इतकी छोटी वाटतात हे माहीत नव्हतं.

‘‘दुखणं थांबवायचं इंजेक्शन देतो,’’ डॉक्टर पुढे म्हणाले. ‘‘दुपारपर्यंत शांत राहील. कुणाला बघायचं असेल तर बोलवून घ्या. मी थांबतो.’’

रतीब घालून परतलेला दूधवाला लगेच म्हणाला, ‘‘ताईंना आणतो ना. माझा टेम्पो आहे, खुर्चीसकट आणतो. हा गेलो आणि हा आलो.’’ तो निघालाही होता.

सिस्टरांनी काळूकडे पाहिलं. घाम सुकून केसांचे झुबके झाले होते, अंग मातीनं माखलेलं, मागून काळं ओघळून पार खुरांपर्यंत गेलेलं. टेम्पो येईपर्यंत हे धुऊन निघणार नव्हतं. आज तरी नाही, आज असा नाही.

‘‘नको,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्यांना झेपणार नाही.’’

नर्सच्या आवाजात म्हणाल्या, आणि त्या आवाजापुढे कुणी वाद घालत नसे. डॉक्टरांनी मान डोलावली, दूधवाल्यानं किल्ली खिशात ठेवली. झेपणार कुणाला नव्हतं, ते एकट्या सिस्टरांनाच ठाऊक होतं.

इंजेक्शननं काळू खरोखर शांत झाला. जणू आजार नव्हताच. सिस्टरांनी पाण्याचे हात फिरवून त्याचं तोंड पुसलं, आयाळ मोकळी केली. त्यानं कुंपणाकडचं थोडं गवतही तोंडात धरलं. तेवढ्या वेळात टेम्पो दोनदा जाऊन आला असता. सिस्टर हे मनात धरून उभ्या होत्या, कान टवकारून दूधवाल्याच्या पावलांकडे लक्ष ठेवून, आणि तरी त्यांच्या तोंडून ‘जा, आण त्यांना’ हे निघालं नाही. मग डॉक्टर म्हणाले, ‘‘आणूया का त्याला मऊ जागेवर?’’ सिस्टरांनीच त्याला नेलं. डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन दिलं तेव्हाही मोरखी त्यांच्याच हातात होती. तो खाली बसला, मग कुशीवर कलला, आणि एवढा मोठा देह असून फार थोडा आवाज झाला.

दूधवाल्यानं मशीनवाल्याला बोलावून मैदानाच्या कडेला खड्डा खणून घेतला. सिस्टर संध्याकाळच्या बसनं घरी आल्या. अंघोळ केली, तरी नखांखाली काळं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या शुश्रूषागृहात गेल्या. वाटेत शब्द जुळवले होते, खोलीत शिरल्यावर एकही कामाला आला नाही. वन्सं खिडकीशी खुर्चीत होत्या. त्यांनी मान वळवली, ‘‘काळू?’’

‘‘काल गेला, वन्सं.’’

वन्संनी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं उघडले तेव्हा त्या सिस्टरांच्या हातांकडे बघत होत्या. तळव्यांवर मोरखीचे वळ उठले होते. मग त्यांनी एकाच हातानं खुर्ची ढकलत भिंतीकडे तोंड केलं.

पुढल्या भेटीत वन्सं काहीच बोलल्या नाहीत. त्याच्या पुढल्या भेटीतही नाही. सिस्टर नखं कापायला गेल्या तर त्यांनी हात मुठीत मिटून घेतला. सिस्टर तरी जात राहिल्या. बाजूला बसून त्या काळूबद्दल सांगत. कशी ट्रेवर घाण केली, कसा त्यांचा चष्मा ओढला, कोंड्यात तेल जास्त झालं तर कसा ओठ वर करून नाराजी दाखवी. शेवटचा दिवसही त्यांनी सांगितला, फेऱ्यांसकट. ‘‘तुम्ही त्या दिवशी का येऊ शकला नाहीत ते मला तेव्हा कळलं,’’ असंही म्हणाल्या. ‘‘मी सगळ्यांसमोर बोलले ते बोलायला नको होतं.’’ वन्संच्या चेहऱ्यावरून काही समजलं नाही. इतक्या उशिरा आलेलं ते वाक्य कुठे ठेवायचं, हे बहुधा त्यांनाही कळत नसावं.

हवा बदलली, थंडी आली. एक दिवस सिस्टर त्यांना लोकरी मोजे घालत होत्या. एकदम वरून आवाज आला. शब्द एकेक करून, ओझं उचलून आणल्यासारखे.

‘‘मला... का नाही... बोलावलंस?’’

‘तुम्हाला झेपलं नसतं’ हे सिस्टरांच्या ओठांवर आलं होतं. लेकीला, दूधवाल्याला, स्वतःला सांगून सांगून ते गुळगुळीत झालं होतं. त्यांनी ते गिळलं. हातातला मोजा तसाच धरून त्या जमिनीवर बसून राहिल्या.

‘‘मी घाबरले, वन्सं. त्याची पार दशा झाली होती. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, माझ्या घोड्याची वाट लावली हिनं.’’

वन्संनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मैदानाच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाची पाठ सरळ करणारी ती नजर होती.

‘‘म्हटलं असतं,’’ त्या म्हणाल्या. आणि थोडं थांबून, ‘‘तरी... बोलवायचंस.’’

‘‘हो,’’ सिस्टर म्हणाल्या.

कॉरिडॉरमधून जेवणाची गाडी खडखडत गेली. सिस्टरांनी दुसरा मोजा घेतला, तर वन्संनी लुळा पाय डाव्या हातानं उचलून थोडा पुढे केला, आणि सिस्टर तो मोजा टाचेवरून ओढून बसवू लागल्या.